तोंड म्हसोबाकडं

माझी धाकटी नणंद खातून लग्न होऊन कोरेगावला गेली, ते साल एक्क्याऐंशी. आखाड लागला तरी तिच्या मांडवाचे डांब आमच्या दारात तसेच उभे होते. त्यातल्या एकाला टेकून जगदाळ्यांचा संपत बोलत होता आणि माझे सासरे, दस्तगीर मुलाणी, उंबऱ्यावर बसून आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरत होते.

संपत एसटीत कंडक्टर. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. त्याचा दोन वर्षांचा हणमंत उन्हाळ्यात गोवरानं फार आजारी झाला होता, डोळे उघडत नव्हता. तेव्हा संपतच्या आईनं, गजराकाकूंनी, मळ्यातल्या म्हसोबाला कोंबडा बोलला होता. पोरगं उठून बसलं. आता येत्या रविवारी नवस फेडायचा होता. देवाला तांबडा कोंबडा आणि भावकीच्या जेवणाला घरच्याच कोंबड्या. एवढा निरोप सांगून संपतनं निघायला हवं होतं, पण तो निघाला नाही.

"दस्तूभाई, हात बरा हाय न्हवं?"

मामू म्हणाले, बरा आहे. सासऱ्यांना मी मामू म्हणत असे.

"घाडग्यांच्यात झालं ते ऐकलं मी," संपत म्हणाला. मग डांबाची साल नखानं सोलत त्यानं बाकीचं सांगितलं. त्याचे मेहुणे दिनकरराव फलटणहून येणार होते. ते एका घावात कोंबडं उडवतात, सत्तूर बरोबर घेऊनच येतात. पण आई ऐकत नाही, तिला मुलाण्याच्याच हातचं लागतं. तेव्हा या खेपेला दस्तूभाईंनीच कापावं, पण पाहुण्यांदेखत काही वाकडं झालं, तर पुढल्या सालापासून जगदाळ्यांच्या घरातून सांगावा येणार नाही. त्यानं हे सगळं मान खाली घालून सांगितलं. शेवटी म्हणाला, "राग धरू नगा."

"राग कशाचा," मामू म्हणाले. हात मांडीखालीच होता.

आमच्या भागात तेव्हा मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी चालवल्याशिवाय कुणाच्या घरी मटण शिजत नव्हतं. जत्रेतलं बकरं असो की जावई आला म्हणून धरलेली कोंबडी, बोलावणं आमच्याकडं. त्याच्या बदल्यात सुगीला प्रत्येक खळ्यावरून आम्हाला धान्य मिळायचं. जगदाळे म्हणजे गावातलं मोठं घर. ते जिकडं जातील तिकडं त्यांची भावकी जाणार. माझे मालक बाबालाल इचलकरंजीला मागावर होते, त्यांना रक्त बघवत नसे म्हणूनच ते तिकडं गेले होते. म्हणजे घरात चूल पेटायची ती मामूंच्या सुरीवर.

पण मामूंच्या मनात खळं नव्हतं. घाडग्यांची कोंबडी होती.

पंधरवड्यामागची गोष्ट. कोंबडी मीच धरली होती. मामूंनी मान हातात घेतली, बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी ओढताना हात उडाला. कोंबडी माझ्या हातातून सुटली आणि अर्धी मान घेऊन अंगणभर पळाली. घाडग्यांची पोरं ओरडत होती. मी तिला कडब्याच्या गंजीपाशी धरली आणि मामूंनी दुसऱ्यांदा सुरी लावली. घाडग्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण कोंबडी त्यांनी पुरून टाकली, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या रात्री मामू जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणाले, "जैनबी, मुक्या जिवानं आज वर जाऊन माझं नाव सांगितलं असंल."

त्यांचे कापायचे काही नेम होते. पक्षी धरायचा तो दिवेलागणीला, अंधार पडताना, म्हणजे तो धडपडत नाही. रात्रभर त्याला दाणा नाही, पण कापायच्या आधी पाणी पाजायचंच. सुरीला धार लावायची ती पक्ष्याच्या नजरेआड. एकाच्या देखत दुसरा कापायचा नाही. डोळ्यावर तळहात ठेवायचा. आणि सुरी एकदाच. दुसऱ्यांदा लावायला लागली तर ते कापणं नव्हे, असं ते म्हणायचे.

घाडग्यांच्या त्या प्रकारानंतर खातून पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा आमच्या घरची कोंबडी त्यांनी माझ्याकडून कापून घेतली होती. परसात, दार लावून. माझ्या मुठीवर त्यांनी आपली डावी मूठ ठेवली. "दाबू नगंस, वढ," एवढंच म्हणाले. मी ओढली. कोंबडीनं पाय ताणले आणि सोडून दिले. मामूंनी माझ्याकडं न बघता सुरी धुवायला घेतली. चांगली कापली म्हणाले नाहीत, पण त्या दिवशी जेवले.

म्हणून संपत गेल्यावर मी म्हटलं, "मामू, रविवारी मी कापते."

"आपल्यात बाईच्या हातचं चालतं. मनाई न्हाई. पर गाव खाणार न्हाई. आन देवाच्या नवसाचं तर तोंडालाच लावणार न्हाई."

"मग न्हाई म्हणून सांगा."

"न्हाई म्हणलं की दिनकरराव सत्तूर काढणार." ते उंबऱ्यावरून उठले. हात आता मोकळा होता आणि पाण्यातल्या पानासारखा हलत होता. त्यांनी तो दुसऱ्या हातात धरला. "आता एकदा जर सुरी दुसऱ्यांदा लागली जैनबी, तर मी ती हिरीत टाकणार. मग कुणी सांगावा धाडू दे न्हाईतर न धाडू दे."

शनिवारी दिवेलागणीला मी जगदाळ्यांच्या घरी कोंबड्या धरायला गेले. हे काम माझंच होतं. गजराकाकू खुराड्यापाशी बसल्या होत्या. ठेंगण्या, काळ्या, कपाळावर आडवं कुंकू, आणि बोलायला फार नाहीत. घरातली माणसं त्यांना भीत. तात्या, म्हणजे त्यांचे मालक, सगळ्यांत जास्त भीत, असं गावात म्हणायचे.

कोंबड्या मी एकेक करून काढल्या आणि डालग्याखाली झाकल्या. तांबडा वेगळा होता. तो खुराड्यात जातच नसे, गोठ्याच्या आढ्यावर बसायचा. काकूंनी खालून नुसतं च्यक च्यक केलं तर तो उडी मारून त्यांच्या मांडीवर आला. त्याची आई घारीनं नेली होती. काकूंनी त्याला चुलीच्या उबेला पाटीत ठेवून वाढवला होता. माणसाच्या हातून खाऊन तो दांडगा झाला होता, शेपटाची पिसं निळी-हिरवी.

"मी कुणाला कोंबडा बोलत नसते," काकू म्हणाल्या. "पर पोराचं डोळं फिरलं, तवा हा समोर हुता. तोंडातनं निघून गेलं."

त्यांनी त्याच्या छातीखाली हात घातला.

"दस्तूभाईचा हात कसा हाय गं?"

"बरा हाय काकू."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. अंधार पडत होता, त्यामुळं त्यांना माझं तोंड किती दिसलं कुणास ठाऊक. त्यांनी कोंबडा माझ्या हातात दिला.

"ह्याला तरास हुऊ दिऊ नगंस. बाकी मला काय न्हाई."

त्याला मी वेगळ्या डालग्याखाली ठेवला आणि वर गोणपाट टाकलं.

रविवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता. जगदाळ्यांच्या मळ्यात बांधावर लिंबाचं झाड आणि झाडाखाली शेंदूर लावलेला म्हसोबाचा गोटा. पुरुष माणसं बांधाच्या कडेनं उभी होती, बायका मागं. दिनकरराव सगळ्यांच्या पुढं. पांढरी विजार, मनगटावर घड्याळ, आणि हातात फडक्यात गुंडाळलेला सत्तूर. आम्हाला येताना बघून ते संपतला म्हणाले की बुवा चालताना हेलकावे खातोय, सुरीचा नेम कसा धरणार. दोघंतिघं हसले. मामूंनी ऐकलं. त्यांनी दिनकररावांना रामराम घातला, तोही डाव्या हातानं, आणि उजवा कोपरीच्या खिशातच ठेवला.

तात्यांनी नारळ फोडला, गोट्याला पाणी घातलं. मी तांबड्याला घेऊन गोट्यापासून चार पावलं लांब, माणसांच्या दुसऱ्या अंगाला खाली बसले. त्याला मी वाटीनं पाणी पाजून आणलं होतं. तात्यांनी त्याच्या अंगावर भंडारा टाकला आणि तांब्यातलं पाणी शिंपडलं.

आमच्याकडं देवाचं जनावर कापायच्या आधी त्यानं अंग झाडावं लागतं. पाणी पडल्यावर ते अंग झाडतं, म्हणजे देवानं घेतलं. तोवर सुरी लावायची नाही. तांबडा माझ्या हातात गप्प होता. पाणी पिसांवरून ओघळून गेलं. तात्यांनी पुन्हा शिंपडलं. कोंबड्यानं मान वाकडी करून वर लिंबाकडं पाहिलं. कुणीतरी म्हणालं, नवसाचं काही राहिलंय का बघा. कुणी म्हणालं, बायकांत कुणाला विटाळ असंल. संपत आईकडं बघायला लागला. मला हातात कोंबड्याचं काळीज लागत होतं, आणि माझंही.

मग काकू पुढं आल्या. त्यांनी तात्यांच्या हातातून तांब्या घेतला, चूळभर पाणी तळहातावर घेतलं आणि कोंबड्याच्या डोक्यावर सोडलं. लहान मुलाला अंघोळ घालताना घालतात तसं. कोंबड्यानं डोळे मिटले आणि सगळं अंग असं झाडलं की माझ्या तोंडावर थेंब उडाले.

"घेतलं," तात्या म्हणाले. माणसं मोकळी झाली. काकू मागं सरकल्या, पण फार नाही.

मामू गुडघ्यांवर बसले. त्यांनी कोपरीतून सुरी काढली. सुरी उजव्या हातात होती आणि हात हलत होता. सकाळी घरी तो इतका हलत नव्हता. त्यांनी डाव्या हातानं तांबड्याचं डोकं धरलं, तळव्यानं डोळा झाकला, आणि सुरी मानेपाशी आणली. पातं मानेपाशी थांबेना. पिसांवर लागायचं, सुटायचं, पुन्हा लागायचं. मामूंनी सुरी मागं घेतली. पुन्हा आणली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

दिनकररावांनी फडकं सोडायला सुरुवात केली. संपत म्हणाला, "दस्तूभाई..." मला आता दिसत होतं काय होणार. मामू ती सुरी चालवणार, हात उडणार, आणि हा कोंबडा अर्ध्या मानेनं जगदाळ्यांच्या मळ्यात पळणार. मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझ्या हातून सुटू द्यायचा नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

"वळा," काकू म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही.

"समद्यांनी म्हसोबाकडं तोंड करा. आमच्यात देवाचं कापताना बघत न्हाईत."

दिनकरराव म्हणाले, हे नवीनच काढलं. गेल्या खेपेला आपण बकरं कापलं तेव्हा तर सगळे बघत होते.

"ते बकरं देवाचं नव्हतं, बारशाचं हुतं. देवाच्या कोंबड्याची रीत येगळी. माझ्या सासूनं मला सांगितलीया, तिच्या सासूनं तिला." काकूंचा आवाज चढला नव्हता. "काय वं, सांगा की तुमी. तुमच्याच घरातली रीत."

तात्यांच्या हातात रिकामा तांब्या होता. ते बायकोकडं बघत राहिले. बराच वेळ बघितलं असं मला वाटलं, पण तसा वेळ झाला नसेल. मग त्यांनी मामूंकडं पाहिलं, मामूंच्या हाताकडं पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

"व्हय," तात्या म्हणाले. "इसरलोच हुतो." आणि ते गोट्याकडं तोंड करून, हात जोडून उभे राहिले.

घरातला सगळ्यांत मोठा माणूस वळला म्हटल्यावर भावकी वळली. मग संपत. मग बायका, पदर डोक्यावर घेऊन. दिनकरराव सगळ्यांच्या शेवटी वळले, सत्तूर हातात तसाच. काकू उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, कोंबड्याकडं नाही. आणि त्याही वळल्या.

लिंबाखाली आता आमच्याकडं सगळ्या पाठी होत्या.

"मामू, द्या," मी म्हटलं. अगदी हळू.

त्यांनी दिली नाही. मूठ घट्ट होती. आयुष्यभर ती सुरी त्यांनी कुणाच्या हातात दिली नव्हती, पोटच्या लेकाच्याही नाही. त्यांनी पुन्हा ती मानेकडं नेली, आणि पुन्हा पातं पिसांवर नाचायला लागलं.

"झालं का वं?" दिनकररावांनी विचारलं. त्यांचा खांदा जरा फिरला.

"तोंड पुढं," तात्या म्हणाले. मागं वळून न बघता.

मामूंनी तळवा बाजूला केला होता, त्यामुळं कोंबड्याचा डोळा उघडा होता. पिवळा, त्यात काळा ठिपका. मामू त्या डोळ्याकडं बघत होते. मग त्यांनी सुरी उलटी धरली आणि मूठ माझ्याकडं केली.

कोंबडा मी त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरला. धरायला त्यांचे हात चालत होते. थरथर कोंबड्याच्या पिसांत बुडून गेली. मी डाव्या हातानं डोकं घेतलं, डोळा झाकला, गळ्यावरची पिसं अंगठ्यानं उलटी केली. जो कापतो त्यानंच नाव घ्यावं लागतं. मी ते ओठांतल्या ओठांत घेतलं. त्याच वेळी मामूंनी मोठ्यानं घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर." त्यांचा आवाज मात्र अजिबात हलला नाही.

दाबली नाही, ओढली.

रक्त लिंबाच्या मुळाशी गेलं. तांबड्यानं मामूंच्या छातीवर पंख एकदा उघडायचा प्रयत्न केला, मग पाय ताणले. मामू त्याला सोडत नव्हते. कुणी हलत नव्हतं. मी सुरी मामूंच्या हातात परत दिली आणि बोटं धरून मिटली. अंग पुरतं थंडावेपर्यंत मामू बोलले नाहीत, हाही त्यांचा नेम होता. पाठीमागून दिनकररावांचा पाय चुळबुळत होता.

"झालं," मामू म्हणाले.

माणसं वळली. मामूंच्या मांडीवर कोंबडा होता, हातात लाल सुरी होती, आणि मान एकाच ठिकाणी कापलेली होती. दिनकररावांनी वाकून पाहिलं. "म्हाताऱ्यात अजून दम हाय," म्हणाले, आणि फडकं पुन्हा गुंडाळलं. संपत मामूंच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलला.

काकू माझ्याजवळ आल्या. माझ्या डाव्या मनगटातल्या बांगड्यांवर रक्त उडालं होतं, मला भान नव्हतं. त्यांनी तांब्या वाकडा करून माझ्या हातावर पाणी ओतलं. "गार पडला का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "लगीच?" मी पुन्हा हलवली. त्यांनी कोंबडा मामूंच्या मांडीवरून उचलला आणि पदराखाली धरून घराकडं चालायला लागल्या.

बाकीच्या कोंबड्या गोठ्यामागं कापायच्या होत्या. तिथं काकूंनी दोन बाजांवर गोधड्या टाकून आडोसा केला होता. वाळवण असल्यासारखा. संपतला त्यांनी सरपणाला पाठवलं आणि दिनकररावांना हणमंताला खांद्यावर घेऊन फिरवायला सांगितलं, काकूंची आज्ञा म्हटल्यावर ते गेले. आडोशाआड मामूंनी धरलं आणि मी ओढली. एक पुरती गार झाली की ती गोणपाटाखाली झाकायची, जागेवर माती टाकायची, मग दुसरी आणायची. मामू मधेमधे नुसतं "हं" म्हणायचे.

पुढचं बायकांचं काम. पाणी तापवलं, पण उकळू दिलं नाही, नाहीतर पिसांबरोबर कातडी निघते. पिसं उपटली, हळद लावली, कडब्याच्या जाळावर फिरवून बारीक लव जाळली. आतडी काढताना काकूंची सून पित्ताला धक्का लावणार होती, काकूंनी तिच्या हातातून पक्षी काढून घेतला आणि पित्त अलगद सोडवलं. तांबड्याचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. निळी-हिरवी पिसं त्यांनी वेगळी ठेवली. पाट्यावर वाटण वाटणाऱ्या बायका बोलत होत्या की ही रीत आपल्याला ठाऊकच नव्हती. एकजण म्हणाली, मला ठाऊक होती, माझ्या आजेसासूनं सांगितली होती. मी खाली मान घालून कोंबडी धूत राहिले.

मला भीती होती ती आता. चुलीवर रस्सा उकळत होता, बाहेर पंगत बसायला लागली होती, आणि माणसं काय खाणार हे काकूंना माहीत होतं. कापताना त्यांनी पाठ फिरवली, ती कोंबड्यासाठी. खाण्याचं वेगळं. एका शब्दानं त्या आत्ता सगळं ओतायला लावू शकत होत्या, आणि लावलं असतं तर त्यांची चूक म्हणता आली नसती.

त्या चुलीपाशी आल्या. पातेल्यावरची थाळी उचलली. पळीनं तांबड्याचं काळीज शोधून काढलं. आमच्याकडं घरच्या कारभारणीनं पंगत उठेपर्यंत घास खायचा नसतो, आणि नवसाचं तर पुरुषांच्या आधी चाखायचंही नसतं. काकूंनी ते काळीज फुंकून तोंडात टाकलं. माझ्यासमोर उभं राहून चावलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गिळून झाल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मीठ बराबर हाय," त्या म्हणाल्या. "वाढा."

संध्याकाळी आम्ही घरी निघालो. मामूंच्या खांद्यावर शिध्याची पिशवी होती, माझ्या हातात रश्श्याची किटली. ओढ्यात उतरून त्यांनी सुरी पुन्हा धुतली, वाळूनं घासली. मग पाण्यातच उभं राहून म्हणाले,

"माझा बाप त्या घरात कापत हुता. त्याच्या मागं मी. म्हसोबाला किती कोंबडं कापलं, मोजलं न्हाई. अशी रीत त्या घरात कंदीच नव्हती जैनबी."

मी किटली खाली ठेवली.

"तात्याला बी ठावं हाय," ते म्हणाले. त्यांनी सुरी कोपरीला पुसली आणि माझ्यापुढं धरली, मूठ माझ्याकडं. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मला आता लागायची न्हाई."

पुढं बाबालाल गावी परत आले. गावात मुलाणी तेच. जगदाळ्यांचं बघून भावकीनं, आणि भावकीचं बघून घाडग्यांनीही, देवाचं कापताना पाठ फिरवायला सुरुवात केली होती. बाकीच्या कापण्याला मी जगदाळ्यांसारखाच आडोसा करून घ्यायची. माणसं वळली की बाबालाल मोठ्यानं बिस्मिल्ला म्हणायचे आणि घट्ट डोळे मिटायचे. मी ओढायची. आमची पोरं त्यावर वाढली. मी यातलं कुणाला काही सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही. काकू तर त्या दिवसानंतर त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात मी चाळिशीनंतर बसायला लागले, तेव्हा त्या माझ्या शेजारी बसायच्या, पाटीवर आपलं नाव काढायच्या आणि माझं बघायच्या.

गेल्या आखाडात हणमंतानं मला मुद्दाम गाडी पाठवून बोलावलं. त्याच्या नातीचं जावळ होतं. तो आता आजोबा झालाय, डोकं पांढरं. कापायला बाजारातला दुकानवाला आला होता. लिंबाचं झाड पडलंय, तिथं आता पत्र्याची शेड आहे, गोटा तोच. पाणी घातलं, कोंबड्यानं अंग झाडलं, आणि हणमंतानं सगळ्यांना वळायला सांगितलं. पुण्याच्या कुणा पाहुण्यानं विचारलं, असं का. हणमंत म्हणाला, देवाला चालत नाही, आमच्या पणजीच्या पणजीपासून आहे. मी खुर्चीवर बसले होते, कोंबड्याकडं तोंड करून.

"चाची," तो म्हणाला, "तुम्ही पण फिरा."

मी खुर्चीवरून उठले आणि म्हसोबाकडं तोंड केलं. मागं दुकानवाल्यानं नाव घेतलं. पिसांचा आवाज झाला, आणि लगेच थांबला.

माझे सासरे दस्तगीर मुलाणी ब्याऐंशी सालच्या जानेवारीत, शुक्रवारी सकाळी वारले. तात्या जगदाळे त्यानंतर पाच वर्षांनी गेले. बाबालाल दोन हजार चौदाला. गजराकाकू अठ्ठ्याण्णव साली आखाडातच वारल्या, पहाटे, झोपेत.